कच्चं अंडं, खडावा आणि माझा गुडघा

२ सप्टेंबर, मंगळवार

परत आले. कायमची. पोस्टाच्या भिंतीवर कापडी फलक — 'स्वागत! आपल्या गावची फुटबॉलपटू ताकिगुची फुमिए!' फोटोत माझं तोंड उघडं आणि डोळे मिटलेले. शिंक येण्याआधीचा क्षण. इतक्या वर्षांच्या फोटोंतून नेमका हाच कुणी निवडला?

बाबा स्टेशनवर आले नव्हते. दुकानात तातामी चटईला किनार शिवत बसले होते. वर न बघता म्हणाले, "आलीस? जेवून घे." झाला सत्कार! पण मिसो सूप गरम होतं आणि त्यात शिंपल्या होत्या.

४ सप्टेंबर, गुरुवार

जिना उतरताना उजवा गुडघा कुरकुरला. म्हणजे खरंच कुर्र असा आवाज आला. बाबांनी खालून ऐकला असावा.

डॉक्टरीणबाईंचं म्हणणं इथे लिहून ठेवते, म्हणजे मला विसरता येणार नाही — "चालण्यापुरता हा गुडघा म्हातारपणापर्यंत पुरेल. पण आणखी एकदा जीव तोडून पळालीस, तर तो कापून धातूचा बसवावा लागेल. आणि त्यानंतर मांडी घालून बसणं विसर." मी हसले. त्या हसल्या नाहीत.

७ सप्टेंबर, रविवार

हिरुकावा आजोबा आले. तिसऱ्या आळीचे अध्यक्ष, वय अठ्ठ्याहत्तर, दात सगळे स्वतःचे, आणि हे ते प्रत्येक भेटीत सांगतात. हातात द्राक्षांची पेटी. कामाशिवाय कोणी इतकी महाग द्राक्षं आणत नाही.

ऑक्टोबरातल्या गावच्या क्रीडा मेळाव्यात आळ्यांची रिले असते. आपली आळी दर वर्षी शेवटची. शेवटची धाव मी धावायची.

"आजोबा, माझा गुडघा गेलाय. मला पळता येत नाही."

"वा!" म्हणाले. "किती नम्र!"

म्हटलं, नम्र नाही हो, खरंच येत नाही. असं दोनदा नाही म्हणायचं आणि तिसऱ्यांदा हो म्हणायचं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. म्हणून मी मुद्दाम पुढे जाऊन पाचव्यांदाही नाही म्हटलं. पाचव्या नकाराला आजोबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आजकालच्या मुलींत असे संस्कार कुठे राहिलेत!" आणि नाव लिहून घेतलं.

द्राक्षं गोड होती. शी!

८ सप्टेंबर, सोमवार

एक्स-रे घेऊन हिरुकावांकडे गेले. त्यांनी तो खिडकीशी उजेडात धरला. बायकोला बोलावलं. दोघं बराच वेळ बघत राहिले.

"काय सुंदर हाड आहे!" ती म्हणाली. "खेळाडूचं हाड कसं लगेच ओळखू येतं."

चहा पिऊन परत आले.

१३ सप्टेंबर, शनिवार

बातमी पहिल्या आळीत पोचली. त्यांचे अध्यक्ष मोरिवाकी — निवृत्त विमा एजंट, मेळाव्यात माईकही यांच्याच हातात — त्यांनी अतिशय आदराने हरकत घेतली. राष्ट्रीय संघातून खेळलेली बाई आमच्या वयस्क मंडळींबरोबर पळणार म्हणजे आमच्यावर अन्याय नव्हे का, वगैरे. मला आनंदाने उडी मारावीशी वाटली. (मारली नाही. गुडघा.)

पण इथे कोणी कोणाला 'नको' म्हणतं का! त्यांना मला वगळायचं नाहीये, फक्त 'थोडं समान पातळीवर आणायचं' आहे. त्यासाठी समिती नेमली. मलाही बोलावलं.

१५ सप्टेंबर, सोमवार

समितीची बैठक. समाजमंदिर, बसायला उशा, गार बार्लीचा चहा.

ठरलेलं — मी लाकडी खडावा घालून पळायचं. मी म्हटलं, "खडावा कशाला, मला बुटांतसुद्धा पळता येत नाही." मोरिवाकींनी चेहरा पाडला. शेजारच्याच्या कानात पुटपुटले, पण मला ऐकू आलं — "बूटसुद्धा नको म्हणतेय. म्हणजे किती वेगवान असेल!"

मग खडावांबरोबर चमचाही आला, आणि चमच्यात अंडं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

अंडं उकडलेलं की कच्चं, यावर आज पुन्हा बैठक. उकडलेलं पडलं तरी मी उचलून पळेन, म्हणून कच्चं. हिरुकावा आजोबांनी आमच्या आळीतर्फे तीव्र निषेध नोंदवला आणि लगेच मान्य केलं.

२० सप्टेंबर, शनिवार

ओकिनो काकूंच्या मासळीच्या दुकानात गेले. काकू सुरी थांबवून म्हणाल्या, "फुमिए, तू लंगडतेस ते बघवत नाही गं."

मी जवळजवळ त्यांच्या गळ्यात पडले. अखेर एकीला तरी दिसलं!

"आमच्या म्हाताऱ्यांना वाईट वाटू नये म्हणून मुद्दाम हळू चालतेस ना? बाई, बाई, किती दुसऱ्यांचा विचार!"

वर दोन बांगडे फुकट दिले.

२१ सप्टेंबर, रविवार

आज सारखी जुनी गोष्ट आठवतेय.

राष्ट्रीय संघात माझी निवड झाली तेव्हा मी घरी होते. याच ओकिनो काकू अख्खा ताय मासा घेऊन आल्या होत्या, सणासमारंभाला देतात तसा, शेपटी वर वळवलेली. मी दुकानाच्या पडद्यामागे. काकू म्हणाल्या, "केवढं नाव काढलं हो पोरीने!" बाबा म्हणाले, "छे! त्यांना माणसं कमी पडली असतील."

सगळेच बाप असं म्हणतात. आपल्या माणसाची तारीफ आपण करायची नाही, हे मला कोणी शिकवायला नको. मीही तेच करते. माझ्या निरोप समारंभात मी माईकवर काय बोलले? "इतकी वर्षं संघाला माझा काही उपयोग झाला नाही, क्षमा असावी." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. संघ माशाच्या वड्या करणाऱ्या कंपनीचा; सकाळी वड्या खोक्यांत भरायच्या, दुपारी समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यात सराव करायचा, हाताचा मासळीचा वास धुऊनही जायचा नाही. समोरच्या संघातल्या मुली म्हणायच्या, आली बघा माशवडी! आणि सामना संपल्यावर त्याच म्हणायच्या, आज त्या माशवडीने पुढे जाऊच दिलं नाही. हे सगळं मी माईकवर सांगितलं नाही. क्षमा मागितली आणि वाकले.

पण बाकीचे बाप 'छे' म्हणताना हसतात. बाबा हसत नाहीत.

मी चांगली खेळायचे की नाही, एवढंच मला त्यांच्या तोंडून एकदा ऐकायचं आहे. विचारणार नाही. विचारून मिळालेलं काय कामाचं? पण ऐकायचं आहे. लिहिलं बाई एकदाचं.

२४ सप्टेंबर, बुधवार

तिसरी बैठक. नवी अट — मी उलटं पळायचं. पाठ पुढे, तोंड मागे.

उलटं! अहो, बचावाच्या खेळाडूचा तो धंदाच आहे! समोरची चेंडू घेऊन येते आणि आपण तिच्या पायांकडे बघत मागे मागे जातो. आयुष्य त्यात गेलं. गुडघाही त्यातच गेला. हे मोरिवाकींना समजावून सांगायला गेले तर म्हणाले, "असं? उलटं पळण्यात तर ताई विशेष तरबेज!" आणि सुरुवातीची रेघ आणखी मागे नेली. आता मी मैदानाच्या बाहेर, गाड्या उभ्या करतात तिथून सुटणार आहे.

२८ सप्टेंबर, रविवार

उपाय सापडला. त्या दिवशी सरळ चालत जायचं. हात जोडायचे, चालायचं, हरायचं. झालं!

२८ सप्टेंबर, रात्री

नाही जमणार. आज सायंकाळी बंदराच्या रस्त्याने येत होते. मागून कोणी तरी पळत आलं. नुसती पावलं ऐकली आणि माझा देह वळला, पाय सुटले! मासळीबाजाराच्या कोपऱ्यापर्यंत गेले. तो बिचारा बस पकडायला धावत होता. मी त्याला अडवून धरलं. बस गेली.

मग गुडघा धरून गटाराच्या कठड्यावर बसले. मागून पावलं आली की हे पाय माझं ऐकत नाहीत. रिलेत तर पावलं माझ्याच दिशेने येणार. मी पळणार. मला माहीत आहे मी पळणार. भीती वाटते.

३० सप्टेंबर, मंगळवार

परवा रात्रीपासून गुडघा सुजलाय. बाबांनी सकाळी न विचारता बर्फाची पिशवी ताटाशेजारी ठेवली. लोणच्याच्या वाटीसारखी.

४ ऑक्टोबर, शनिवार

बाबा हिरुकावांकडे शोगीचा डाव मांडायला गेले होते. मी त्यांची विसरलेली छत्री द्यायला गेले आणि अंगणातच थांबले. आतून आवाज —

"फुमिएला खरंच पळता येत नाही." बाबा म्हणाले. "गुडघा संपलाय तिचा."

मग हिरुकावा आजोबा असे हसले, असे हसले! "झालं यांचं सुरू! अहो ताकिगुची, वीस वर्षं तुमचं हेच! शाळेच्या संघात गेली तेव्हा 'दगड आहे', म्हणालात. कंपनीने घेतली तेव्हा 'वड्या भरायला घेतलीय', म्हणालात. आता 'पळता येत नाही'! तुमच्याइतका नम्र बाप पाहिला नाही मी."

"मी नम्रपणे बोलत नाहीये."

"बघा! पुन्हा!"

मी छत्री दाराशी टेकवून निघून आले. बाबांना असं हरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. तेही शोगीचा डाव सुरू व्हायच्या आधीच.

८ ऑक्टोबर, बुधवार

बाबा जेवताना बोलत नाहीत. नेहमीही बोलत नाहीत. पण आजचं न बोलणं वेगळं होतं. घास हातात धरून भिंतीकडे बघत होते. मध्येच विचारलं, "मेळाव्यात माईक कोणाकडे असतो?"

"मोरिवाकींकडे. का?"

"काही नाही."

११ ऑक्टोबर, शनिवार

आळीतल्या बायका उद्यासाठी भाताचे गोळे वळतायत. मलाही बसवलं. "आपण या वर्षी जिंकणार!" म्हणतात. कपडे धुण्याची पावडर बक्षीस आहे, प्रत्येक घराला एक डबा. ओकिनो काकूंनी पावडर ठेवायला फडताळ रिकामं करून ठेवलंय! मूग गिळून भात वळत बसले.

उद्या गुडघा जाणार. सगळ्यांच्या आनंदात, टाळ्यांच्या गजरात, माझ्याच शालीनतेमुळे जाणार.

१२ ऑक्टोबर, रविवार

लिहिते.

सकाळी सहाला धुराचे बार उडाले, म्हणजे मेळावा नक्की. सगळ्या गावाने रांगेत उभं राहून कवायत केली. दोरीखेच झाली, टांगलेला पाव उडी मारून दातांनी पकडायची शर्यत झाली (हिरुकावा आजोबा पहिले! स्वतःचे दात!), आणि मग रिले.

मला गाड्यांमध्ये नेऊन उभं केलं. पायांत खडावा, तोंड गाड्यांकडे, पाठ मला जिकडे जायचंय त्या मैदानाकडे; शर्यत मान वळवून बघायची. एका हातात चमचा, चमच्यात अंडं. अंडं कच्चंच आहे ना, हे तपासायला पहिल्या आळीचा माणूस आला होता. त्याने कानाशी हलवून बघितलं आणि मला वाकून नमस्कार केला.

रिले सुटली. आणि काय सांगू — आमची आळी पुढे! नळ दुरुस्तीवाल्यांची सून जी सुटली ती सुटलीच. तिच्याकडून बॅटन घेतलेला केशकर्तनालयवालाही पुढेच. माणसं ओरडत होती. ओकिनो काकू छत्री उघडून नाचत होत्या. केशकर्तनालयवाला वळण घेऊन माझ्या दिशेने यायला लागला, त्याची पावलं ऐकू आली, आणि माझ्या पोटऱ्या घट्ट झाल्या. गुडघा वाकला. आपोआप! मनात म्हटलं, गेला.

तेवढ्यात बाबा धावपट्टी ओलांडताना दिसले. कामाचा अंगरखा, पायांत दुकानातल्या चपला. सरळ मोरिवाकींपाशी गेले आणि माईक काढून घेतला. हिसकावला नाही. मोरिवाकींना माईक कोणी मागितल्याची सवयच नव्हती, त्यांनी देऊन टाकला.

"मी तिसऱ्या आळीचा ताकिगुची." लाउडस्पीकरमधून बाबांचा आवाज डोंगरावर आपटून परत आला. "माझी मुलगी फुमिए फार चांगली खेळायची."

केशकर्तनालयवाला थांबला. पळता पळता, जागच्या जागी.

"डावीकडून तिला ओलांडून जाणं कोणाला सोपं नव्हतं. पावसात तर नाहीच. समोरची पडली तर ही आधी तिला उठवायची आणि मग चेंडूमागे जायची. त्यात एकदा गोल बसला. ते मूर्खपणाचं होतं. पण तेही चांगलं होतं. मला तिचा अभिमान वाटतो."

मग माईक परत दिला. दोन्ही हातांनी, नीट.

अशी शांतता मी कोणत्याही मैदानावर ऐकली नाही. लाउडस्पीकरवर शर्यतीचं धांदलीचं संगीत एकटंच वाजत राहिलं, मग तेही कोणी तरी बंद केलं. एका बाईने लहान मुलाचे कान झाकले. खरंच झाकले! स्वतःच्या मुलीची तारीफ, भर गावात, माईकवर! ओकिनो काकूंच्या हातून छत्री पडली.

मोरिवाकी पांढरेफटक. माईक तोंडाशीच होता, म्हणून सगळ्या गावाने ऐकलं — "ताकिगुची साहेब... इतकं वाईट आहे का?"

बाबांनी होकाराची मान हलवली.

पुढचं धावपळीचं. प्रथमोपचाराच्या तंबूतून स्ट्रेचर आलं. मी म्हटलं, मला चालता येतं. पण मी आता जिचं ऐकायचं नसतं अशी रुग्ण ठरले होते. चार जणांनी उचललं, त्यातल्या दोघांचं वय माझ्या दुप्पट. अर्ध्या वाटेत एकाला दम लागला म्हणून स्ट्रेचर खाली ठेवलं, त्यालाच आधी पाणी पाजलं. हिरुकावा आजोबा शेजारून चालत रडत होते. "एक्स-रे दाखवलास गं! आणि आम्ही हाड सुंदर म्हणालो!"

आमची शेवटची धाव आजोबांनी स्वतः पुरी केली. डोळे पुसत, चालत. आळी शेवटची आली. केशकर्तनालयवाला म्हणतो, खरं सांगू, हायसं वाटलं. पावडर जिंकलो असतो तर बाकीच्या आळ्यांना परतभेट काय द्यायची, या विचाराने त्याला झोप नव्हती.

तंबूत पोचले तेव्हा लक्षात आलं, अंडं अजून चमच्यात आहे. फुटलं नव्हतं.

१३ ऑक्टोबर, सोमवार

घरात सात मस्कमेलन, आजाऱ्याला भेटायला नेतात ती महागडी खरबुजं! गावाने ठरवून टाकलंय की मला काही तरी भयंकर झालंय. लोक दाराशी कुजबुजतात, चपला न वाजवता येतात. ओकिनो काकू बाबांना हळूच बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताकिगुची, आज वार कोणता सांगा बरं? आणि हात वर करून दाखवा दोन्ही." बाबांनी वार सांगितला, हात वर केले. काकूंचं समाधान झालं नाही.

१५ ऑक्टोबर, बुधवार

विचारलं. विचारणार नाही म्हणत होते, पण राहवलं नाही.

ते किनार कापत होते. म्हटलं, "बाबा, परवा माईकवर बोललात ते."

"हं."

"का बोललात?"

"तुला पळावं लागू नये म्हणून. खरं सांगून बघितलं, कोणी मानेना. मग हेच उरलं. दुसरं काय बोललो असतो तर ते थांबले असते?"

"म्हणजे नुसतं शर्यत टाळायला?"

कात्री चालत राहिली. "मेलन किती दिवस पुरेल?" म्हणाले. "नासेल ते."

वर जाऊन रडले. या वयात, मेलनच्या वासात. गुडघा वाचला आणि मी रडतेय! पण त्यांचे ते शब्द सुटका करायची युक्ती होते, आणि युक्ती चांगली होती. त्यावर मी काही इमला बांधू नये. मैदानावर मला ते कधी दिसले नाहीत; मग पावसाचं त्यांना कोणी सांगितलं असेल? असेल कोणी तरी.

१८ ऑक्टोबर, शनिवार

सगळ्या मेलनवाल्यांकडे परतभेट घेऊन गेले. दर दारात सांगितलं, मी मरणार नाहीये. "किती धीराची!" म्हणाले.

२२ ऑक्टोबर, बुधवार

ओकिनो काकूंच्या दुकानात बाबांबरोबर गेले होते. काकू बांगडे कापत नेहमीच्या सवयीने म्हणाल्या, "काही म्हणा ताकिगुची, पोरीने आळीचं नाव काढलं हो." मी सवयीने मान खाली घातली, 'छे' ऐकायला. बाबांनी बांगड्यांकडे बघितलं.

"हो," म्हणाले. "काढलं."

आज शर्यत नव्हती.